पारा थांबतो तेव्हा उष्णता कुठे जाते?

थंडी पडली की या सदराकडे येणारे प्रश्न बदलतात. या वेळी निफाडहून दवाबद्दल विचारणा आहे, पंचवटीतून कापराबद्दल, एका मिसळवाल्यांकडून गॅस सिलिंडरबद्दल, कुणाला कल्हईची काळजी आहे तर कुणाला लग्नातल्या धुराची. पत्रं वाचताना लक्षात आलं की बहुतेक सगळे एकाच गोष्टीपाशी अडले आहेत. घनाचा द्रव होताना आणि द्रवाची वाफ होताना पदार्थ उष्णता आत घेतो, उलट प्रवासात तीच परत देतो, आणि हा व्यवहार चालू असताना तापमान हलत नाही. भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा धडा परीक्षेपुरता पाठ होतो आणि मग घरात, बागेत, दुकानात तो समोर घडत असला तरी ओळखू येत नाही, याची मला कायम हळहळ वाटत आली आहे. म्हणून या वेळी उत्तरं जरा ऐसपैस दिली आहेत.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेत बर्फ तापवून दर मिनिटाला तापमान लिहायचा प्रयोग केला. सगळा बर्फ वितळेपर्यंत पारा शून्यावरच होता. खाली दिवा पेटलेला होता, मग ती उष्णता गेली कुठे? आणि आमचं पाणी ९८ अंशांवरच उकळलं. पुस्तकात १०० आहे म्हणून सगळ्यांनी १०० लिहिलं. मीही तेच लिहू का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

नाही. तू ९८च लिही, आणि खाडाखोड करू नकोस. तुझा थर्मामीटर बिघडलेला नाही आणि पुस्तकही चुकलेलं नाही. पुस्तकातले १०० अंश समुद्रसपाटीचे आहेत. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर वसलेलं आहे. इथे डोक्यावरची हवा तेवढी कमी, म्हणून तिचा दाबही कमी. पाण्यातून बुडबुडे उठायचे तर आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या बरोबरीला यावा लागतो, आणि इथे तो आधीच येतो. उंची ३०० मीटर वाढली की उकळण्याचं तापमान ढोबळमानाने एक अंशाने उतरतं. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळू लागतं. तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजवायला बसलं तर आच कितीही मोठी करा, पाणी त्याहून गरम होत नाही आणि डाळ शिजता शिजत नाही. कुकर याच्या उलट करतो. वाफ कोंडून दाब वाढवतो, त्यामुळे आतलं पाणी १२० अंशांच्या जवळपास जातं. तुमच्या वर्गाने घेतलेलं ९८ हे नाशिकच्या उंचीचं मोजमाप आहे. बाईंना वही दाखवताना हे कारण सांग. त्यांना आनंदच होईल.

आता पहिला प्रश्न. तापमान म्हणजे पदार्थाचे कण किती जोरात हलताहेत त्याचं माप. बर्फात पाण्याचे कण एकमेकांना धरून ठरलेल्या जागी थरथरत असतात. शून्य अंशाला पोचल्यावर दिव्याची उष्णता त्यांचा वेग वाढवण्यात खर्च होत नाही, ती त्यांची आपापसातली पकड सोडवण्यात खर्च होते. वेग वाढला नाही म्हणजे पारा चढला नाही. शेवटचा खडा विरघळला की मग पारा पुन्हा चालू लागतो. (तुमच्यापैकी ज्यांचा पारा मधेच दोन-तीन अंशांवर गेला असेल, त्यांनी पाणी ढवळलं नसणार. भांड्याच्या तळाशी पाणी तापतं आणि वर बर्फ तरंगत राहतो.)

ही उष्णता किती असते ते पाहिलं की डोळे उघडतात. एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशावरचं पाणी करायला ८० कॅलरी लागतात. तेच पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी. पुढे त्याची वाफ करायला मात्र ५४० कॅलरी. चहाचं आधण पटकन येतं, पण ते पूर्ण आटवायला किती वेळ लागतो ते आईला विचार. आणि वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून भयंकर का, तेही यातच आलं. वाफ कातडीवर पाणी होते तेव्हा ग्रॅममागे त्या ५४० कॅलरी कातडीत सोडते.

हे पहिल्यांदा नीट मोजलं जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश प्राध्यापकाने, ग्लासगोमध्ये, १७६०च्या सुमारास. त्याने काचेची दोन सारखी भांडी एका खोलीत टांगली. एकात गोठण्याच्या बेतात असलेलं थंडगार पाणी होतं, दुसऱ्यात तेवढाच बर्फ. खोलीच्या उबेने पाणी चारेक अंशांनी वर यायला अर्धा तास लागला. बर्फ वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले. दोन्ही भांड्यांना ऊब मिळत होती ती सारखीच. मग बर्फाच्या भांड्यात शिरलेली इतक्या तासांची उष्णता कुठेतरी दडली असली पाहिजे, हे त्याने ओळखलं. तिलाच आपण अप्रकट उष्मा म्हणतो. त्याच विद्यापीठात जेम्स वॅट उपकरणं दुरुस्त करायचा. वाफेतल्या या दडलेल्या उष्णतेचा अनुभव त्याला आला, आणि वाफेच्या इंजिनात ती कुठे वाया जाते ते त्याने शोधून काढलं. दोघांनीही आधी समोर दिसलं ते लिहून ठेवलं होतं. तूही तेच केलं आहेस.

प्रश्न : आमच्या भागात थंडीच्या लाटेत पारा ४ अंशांवर असल्याची बातमी येते, पण सकाळी बागेत पानांवर आणि ठिबकच्या नळ्यांवर पांढरा बर्फ दिसतो. शून्याच्या वर बर्फ कसा? आणि रात्री शेकोट्या पेटवाव्यात की पाणी सोडावं?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

बातमीतले ४ अंश हवेचे असतात. ते मोजणारा थर्मामीटर जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, आडोशाला असतो. तुमचं पान उघड्यावर असतं. निरभ्र रात्री जमीन, पानं, नळ्या आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतात. ढग असले तर ते पांघरुणासारखे त्यातली बरीच परत पाठवतात. ढग नाहीत आणि वाराही पडला की पान आसपासच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी, कधी त्याहूनही जास्त थंड होतं. म्हणजे पेटीत ४ आणि पानावर शून्य किंवा त्याखाली. थंड हवा जड असते. ती उतारावरून वाहत कादवा-गोदावरीकाठच्या सखल रानात येऊन साचते. एकाच गावात माळावरची बाग वाचते आणि नदीकडची पांढरी होते, ती याच कारणाने.

हवेत ओलावा बऱ्यापैकी असेल तर आधी दव पडतं. दव पडताना वाफेचं पाणी होतं आणि ग्रॅममागे जवळपास ६०० कॅलरी पानाला मिळतात, त्यामुळे पान थंड होण्याचा वेग मंदावतो. पुढे ते दव गोठतानाही ८० कॅलरी देतं. हवा फार कोरडी असेल तर दव पडतच नाही. पान सरळ शून्याखाली जातं आणि वाफ पाणी न होता थेट पानावर बर्फ म्हणून बसते. अशा रात्री झपाट्याने थंड होतात. संध्याकाळी हवा कोरडी, आकाश लखलखीत आणि वारा नाही, ही लक्षणं दिसली की जागं राहायची तयारी ठेवा.

शेकोट्यांबद्दल गैरसमज फार आहे. लोक ओला पालापाचोळा टाकून मुद्दाम धूर करतात, धुराने थंडी अडेल म्हणून. धुराचे कण इतके बारीक असतात की पानांतून निघणारी उष्णता ते फारशी अडवू शकत नाहीत. उलट सकाळी तोच धूर ऊन अडवून धरतो. उपयोग होतो तो आगीच्या उबेचा आणि त्यामुळे हवा हलते त्याचा. म्हणून एक मोठा जाळ करू नका. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते. ओळींमधून लहान लहान शेकोट्या ठेवल्या तर ऊब वेलीच्या उंचीवर राहते.

पाण्याची बाजू मला जास्त भक्कम वाटते. विहिरीचं पाणी थंडीतही वीस-बावीस अंशांच्या पुढे असतं. ते जमिनीत मुरलं की दोन फायदे. पाण्याने स्वतःबरोबर आणलेली ऊब मिळते, आणि ओली जमीन दिवसाचं ऊन जास्त साठवते व रात्री खालची उष्णता वर पोचवते. कोरडी भुसभुशीत जमीन वरवर तापते आणि वरवरच थंड होते. म्हणून लाटेचा अंदाज आला की आदल्या दुपारीच पाणी द्या, रात्री ऐनवेळी धावपळ नको.

वरून फवारा मारणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगते : पाणी गोठताना ८० कॅलरी देतं, पण बाष्प होऊन उडताना ६०० कॅलरी काढून घेतं. म्हणजे एक ग्रॅम उडालं की सात ग्रॅम गोठून मिळालेली ऊब गेली. थंड देशांत बागांवर रात्रभर पाणी शिंपडतात ते एकदा सुरू केलं की सकाळी बर्फ वितळेपर्यंत थांबवत नाहीत. मधेच वीज गेली तर न शिंपडलेल्या बागेपेक्षा शिंपडलेल्या बागेचं नुकसान अधिक होतं. आपल्याकडच्या विजेच्या वेळापत्रकात हा जुगार खेळू नये. पानं ओली राहिली की डावणीची, म्हणजे त्या बुरशीच्या रोगाची, भीती वेगळीच.

मणी तडकण्याबद्दलही तुम्ही पुढे लिहिलं आहे. भरलेल्या मण्यातला रस साखरेमुळे शून्यावर गोठत नाही, त्याला उणे दोन-अडीचपर्यंत जावं लागतं. आपल्याकडे मणी बहुतेक वेळा रस गोठून तडकत नाही. थंड रात्री पानांतून पाणी उडणं जवळजवळ थांबतं, मुळं मात्र पाणी पाठवत राहतात आणि मण्याच्या सालीला तो फुगार सोसत नाही.

प्रश्न : आमची बेदाणा शेड आहे. रात्री माल अजिबात सुकत नाही असं वाटतं. शेड चारी बाजूंनी बंद करून आत हीटर लावले तर काम लवकर होईल का?
– पिंपळगाव बसवंत

आधी शेडमध्ये किती मोठं काम चालू आहे ते बघा. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. म्हणजे एक टन बेदाण्यासाठी तीन टन पाणी हवेत गेलं पाहिजे. ते उकळवावं लागत नाही, तीस अंशांवरही उडतं, पण त्यासाठी लागणारी उष्णता चुकत नाही. ग्रॅममागे ५८० कॅलरी धरल्या तर तीन टनांना जी उष्णता लागते ती विजेच्या दोन हजार युनिटांएवढी भरते. ही सगळी उष्णता जाळीवरच्या रॅकमधून वाहणारी फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा तुम्हाला बिल न पाठवता देते. नाशिकच्या हवेची ही श्रीमंती आहे, आणि अवकाळी ढग येतात तेव्हा ती एका रात्रीत आटते.

पाणी उडतं म्हणजे मण्यातून कण बाहेर पडतात, पण हवेतले काही कण परतही येतात. हवा जितकी दमट तितकी परत येणाऱ्यांची संख्या जास्त. रात्री तापमान उतरलं की तीच हवा जवळजवळ भरल्यासारखी होते आणि सुकणं थांबतं. अशा वेळी शेड बंद करून हीटर लावलात तर पहिला काही वेळ फरक दिसेल, मग आतली हवा बाष्पाने भरेल आणि नुसतं बिल वाढेल. ऊब द्यायची असेल तर वरच्या बाजूने ओली हवा बाहेर पडायला वाट हवी आणि खालून नवी आत यायला हवी. माझ्या मते हीटरच्या आधी पंख्यांवर खर्च करा.

द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवता, त्याचाही संबंध इथेच आहे. मण्यावरचा मेणाचा थर, ज्याला तुम्ही लव म्हणता, पाणी आत धरून ठेवतो. द्रावणाने त्या थराची रचना बिघडते आणि पाण्याला बाहेर पडायला वाटा मिळतात. उष्णता तेवढीच लागते, दिवस कमी लागतात.

प्रश्न : कापराच्या डबीत चार मिरे टाकले की कापूर उडत नाही असं माझ्या सासूबाई सांगायच्या. मी आजही टाकते. यात तथ्य आहे का?
– एक आजी, पंचवटी

आजी, कापूर हा द्रव न होता थेट वायू होणारा पदार्थ. तसा तो वितळतोही, पण त्याला पावणेदोनशे अंशांच्या पुढे जावं लागतं. आपल्या देवघरात तेवढी वेळ येत नाही. साध्या खोलीतही वडीच्या पृष्ठभागावरचे कण सुटून हवेत जात राहतात. आपल्याला वास येतो तो त्या कणांचाच.

डबी घट्ट असेल तर आतली हवा कापराच्या वाफेने भरते. मग जितके कण वडीतून सुटतात तितकेच परत येऊन बसतात आणि वडी झिजायची थांबते. झाकण सैल असेल तर वाफ निसटत राहते आणि वडी बारीक होत जाते. मिऱ्यांत कापराला बांधून ठेवणारं काही नाही. डबी मिऱ्यांनी किंवा तांदळाने गच्च भरलीत तर आत मोकळी जागा कमी उरते, एवढाच थोडा उपयोग. सासूबाईंची डबी बहुधा पितळेची, फिरकीच्या झाकणाची असणार. खरं काम ते झाकण करत होतं.

एक गंमत बघा. काचेच्या बरणीत कापूर ठेवा आणि बरणी थंडीत अशी ठेवा की तिची एक बाजू खिडकीकडे, गार भिंतीला लागून राहील. काही दिवसांनी त्याच बाजूला आतून बारीक, चमकदार, सुईसारखे स्फटिक धरलेले दिसतील. वडीपासून दूर, मधे हात न लागता. कापूर वाफ होऊन तिथवर गेला आणि गार काच मिळताच पुन्हा घन झाला. पानावरचा बर्फही अगदी असाच बसतो. नातवंडांना जरूर दाखवा, पण कापूर पोटात गेला तर विषारी असतो, तेव्हा बरणी त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

प्रश्न : आमचं मिसळीचं हॉटेल आहे. पहाटे रस्सा उकळत असताना मोठ्या सिलिंडरवर खालच्या बाजूला बर्फासारखा थर येतो आणि आच मंदावते. सिलिंडर हलवला तर आत गॅस शिल्लक असतो. कामगार त्यावर उकळतं पाणी ओततात किंवा सिलिंडर आडवा करतात. हे बरोबर आहे का?
– गंगापूर रोड

अजिबात नाही, आणि हे आजच बंद करा.

सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन हे मुख्य. भट्टी चालू केली की वरची वाफ बाहेर पडते आणि तिची जागा भरायला खालच्या द्रवाची वाफ होऊ लागते. त्यासाठी किलोमागे लागणारी उष्णता एक किलो बर्फ वितळायला लागते जवळपास तेवढीच. ती येते द्रवातून, सिलिंडरच्या पत्र्यातून आणि बाहेरच्या हवेतून. घरच्या शेगडीला गॅस थोडा लागतो, हवेची ऊब पुरते. तुमची भट्टी तासन्‌तास भडकलेली, बाहेर डिसेंबरची पहाट. मग द्रव स्वतःच थंड होत जातो, पत्र्यावर दव धरतं आणि गोठतं. थर कुठपर्यंत आला आहे ते पाहिलंत तर आतला द्रव कुठपर्यंत आहे ते कळेल. घरीही ओल्या फडक्याने सिलिंडर पुसला की वरचा भाग लवकर सुकतो आणि द्रवाचा भाग ओला राहतो. किती गॅस उरला ते पाहायची ही चांगली रीत आहे.

द्रव थंड झाला की त्याचा दाब उतरतो, आच मंदावते. त्यात आणखी एक भर पडते. प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो, ब्युटेन मात्र शून्याच्या अर्धा अंश खाली. वापरताना प्रोपेन आधी जास्त निघून जातो आणि शेवटी ब्युटेनचं प्रमाण वाढतं. गोठलेल्या सिलिंडरमध्ये त्याचा दाब जवळजवळ उरतच नाही. म्हणून गॅस शिल्लक आणि आच नाही, असा पेच पडतो.

आडवा केला की व्हॉल्व्हमधून वाफेऐवजी द्रव बाहेर येतो. तो नळीत, रेग्युलेटरमध्ये, बर्नरपाशी जाऊन वाफ झाला की सुमारे अडीचशे पट फुगतो. आगीचा लोळ उठायला तेवढं पुरतं. उकळत्या पाण्याने आतला दाब एकदम चढतो. जाळाची ऊब देणारे लोकही मी पाहिले आहेत, त्याबद्दल बोलायलाच नको. उपाय सरळ आहे. वितरकाकडून दोन किंवा तीन सिलिंडर एकाच वेळी चालतील अशी जोडणी करून घ्या. प्रत्येकातून गॅस कमी वेगाने निघेल आणि प्रत्येकाला हवेतून ऊब घ्यायला सवड मिळेल. सिलिंडर उभे, मोकळ्या हवेत, भट्टीपासून दूर. तुमच्या कामगारांना हे वाचून दाखवलंत तर मला बरं वाटेल.

प्रश्न : जुन्या नाशकातून पितळेची पातेली घेतली आणि कल्हई करून घेतली. तांबं-पितळ न वितळता कथील तेवढं कसं वितळतं? आणि तो पांढरा धूर कसला? घरी वापरताना काय सांभाळू?
– इंदिरानगर

भांडी बाजाराच्या आसपास कल्हई होताना उभं राहून पाहण्यासारखी असते. पातेलं भट्टीवर फिरवून तापवतात, त्यावर नवसागराची पूड टाकतात, ढगासारखा पांढरा धूर उठतो. मग कथलाची कांडी टेकवतात. तिचं टोक क्षणात विरघळून तळाला पाण्यासारखं चकाकतं आणि कापसाच्या बोळ्याचा एक फेरा फिरला की काळपट पितळ आतून चांदीसारखं होतं. आच काढली की ते चकाकणं किंचित मंद होतं. कथील गोठलं ते त्या क्षणी.

कथील २३२ अंशांवर वितळतं. तांबं १०८५ वर, पितळ नऊशेच्या पुढे. भट्टीची आच या दोन टोकांच्या मधे ठेवायची, हे कारागिराचं कसब. तो थर्मामीटर लावत नाही, नवसागर कसा उडतो आणि कांडी कशी पसरते त्यावरून ओळखतो. नवसागर तापला की फुटून त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू होतात. क्लोराइड धातूवरचा मळ खातं, म्हणून कथील पितळेला घट्ट धरतं. हे दोन्ही वायू वर गार हवेत भेटले की पुन्हा नवसागराचे बारीक कण होतात. तोच तुम्हाला दिसलेला धूर. तो श्वासात घेऊ नये. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहावं.

सांभाळायचं ते आकड्यातच आहे. पातेल्यात पाणी, आमटी, दूध असेल तोवर पाण्याची वाफ होण्यात उष्णता जाते आणि तळ २३२ च्या आसपासही जात नाही. रिकामं पातेलं आचेवर विसरलात तर काही मिनिटांत कल्हई वितळून गोळे होतील. म्हणून कल्हईच्या भांड्यात कडकडीत फोडणी करू नका, ती वेगळ्या कढल्यात करून ओता. स्वस्त कल्हईपासूनही सावध राहा. कथलात शिसं मिसळलं की मिश्रण १८३ अंशांपर्यंत खाली वितळू शकतं. कथील आणि शिसं दोन्ही एकेकटे याहून वरच वितळतात. असं मिश्रण पसरवायला सोपं आणि स्वस्त पडतं, पण शिसं विषारी आहे आणि नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्या, शुद्ध कथलाची कांडी दाखवून काम सुरू करणाऱ्या माणसाकडेच भांडी द्या, आणि त्याने मागितलेल्या मजुरीत घासाघीस करू नका. कल्हई उडालेल्या पितळेत चिंचेची आमटी, टोमॅटो किंवा ताक ठेवू नका. आंबटाने तांबं सुटतं.

प्रश्न : लॉन्सवर लग्नात नवरा-नवरीच्या एन्ट्रीला जमिनीवरून पांढरा धूर सोडतात. तो कोरड्या बर्फाचा असतो म्हणे. लहान मुलं त्यात लोळतात. धोका आहे का?
– सिडको

आहे. कोरडा बर्फ म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. आपल्या हवेच्या दाबाला तो वितळत नाही, सरळ वायू होतो. तो गरम पाण्यात टाकला की वायू जोरात निघतो आणि पाण्याच्या वाफेला इतकं गार करतो की तिचे बारीक थेंब होतात. पांढरं दिसतं ते हे थेंब. कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, पण तो त्या धुक्यात मिसळलेला असतो, हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत पसरतो. एक किलो कोरड्या बर्फाचा पाचशे लिटरांहून जास्त वायू होतो. उघड्या लॉनवर वारा तो उधळून लावतो. बंद हॉलमध्ये मोठी माणसं उभी असतात तिथे काही जाणवत नाही आणि गुडघ्याएवढं मूल मात्र त्यातच श्वास घेत असतं. मुलांना त्यात बसू-लोळू देऊ नका.

त्याहून मोठा धोका कार्यक्रम संपल्यावर. उरलेले तुकडे कुठेतरी पडलेले असतात, मुलं ते साखर किंवा साधा बर्फ समजून हातात घेतात, तोंडातही घालतात. त्याने तोंड, अन्ननळी, पोट भाजल्यासारखं होऊन जिवावर बेतू शकतं. बाटलीत भरून बूच लावलं तर बाटली फुटते. लग्नघरच्या कुणीतरी एका जबाबदार माणसाने उरलेला कोरडा बर्फ मोकळ्या जागी, मुलांपासून दूर, स्वतः उभं राहून उडून जाऊ द्यावा.

प्रश्न : पदार्थाची चौथी अवस्था कोणती?
– मालेगाव

प्लाझ्मा. वायू इतका तापतो किंवा त्यातून वीज अशी जाते की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. सूर्य, आकाशातली वीज, इलेक्ट्रिक वेल्डिंगमधली झगझगीत वीज आणि पेटलेली ट्यूबलाइट ही उदाहरणं.

प्रश्न : बर्फ नेमका शून्यावर वितळतो, मग साजूक तूप का नाही? थंडीत ते अर्धं घट्ट, अर्धं पातळ राहतं. आणि विकतचं तूप रवाळ असतं तसं घरचं का होत नाही?
– सातपूर

बर्फ हा एकच पदार्थ आहे. तुपात अनेक प्रकारचे स्निग्धांश मिसळलेले असतात आणि प्रत्येकाचं वितळण्याचं तापमान वेगळं. काही पंचविशीच्या आतच पातळ होतात, काही चाळिशीजवळ जाईपर्यंत घट्ट राहतात. म्हणून तुपाला एक ठरावीक आकडा नाही, एक पट्टा आहे. नाशिकच्या थंडीत आपण बहुतेक त्या पट्ट्याच्या मधे असतो. घट्ट होणारे अंश आधी रवा धरतात आणि पातळ राहणारे त्याभोवती साचतात.

रवा मोठा हवा तर तूप सावकाश गार व्हायला हवं. कढवल्यावर गाळून जाड बुडाच्या भांड्यात ठेवा, भांड्याभोवती जुनी चादर गुंडाळा आणि रात्रभर हलवू नका. फ्रिजमध्ये ठेवलंत तर स्फटिकांना वाढायला वेळ मिळत नाही आणि तूप मेणासारखं एकसंध बसतं.